स्वतंत्र कंत्राटदार नावाची पळवाट

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आमच्या जुन्या शेजारच्या वहिनी चौदा पानांचा एक मसुदा घेऊन घरी आल्या. त्यांचे यजमान माझ्याच कार्यालयातून निवृत्त झालेले. पूर्वी आम्ही दिल्लीच्या एकाच सरकारी वसाहतीत एका जिन्यावर राहत होतो. त्या काळी संध्याकाळी पाच वाजले की वहिनींच्या दिवाणखान्यात सतरंजी अंथरली जाई, आणि मराठी, तमिळ, बंगाली, पंजाबी अशा सर्व घरांतील मुले त्यांच्याकडे गणित शिकायला बसत. आता त्या द्वारकेत स्थायिक झाल्या आहेत. आसपासच्या सोसायट्यांतून पालकांची मागणी इतकी वाढली की एकटीने निभणे अशक्य झाले, तेव्हा दहा-पंधरा शिक्षक गोळा करावेत, त्यांना विद्यार्थ्यांच्या घरी पाठवावे आणि शुल्कातून आपला वाटा घ्यावा, असा विचार त्यांनी केला. एका सल्लागाराने पाच हजार रुपये घेऊन करारनामा तयार करून दिला होता.

"भावजी, सह्या घेण्याआधी एवढं डोळ्यांखालून घाला," त्या म्हणाल्या. "सल्लागार म्हणतात, सगळ्यांना स्वतंत्र कंत्राटदार म्हटलं की आपली कसलीच जबाबदारी राहत नाही."

केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांतील पंधरावा नियम मला कोणताही खासगी व्यवसाय करू देत नाही. त्यामुळे मोबदला म्हणून फक्त चहा घेतला आणि मसुदा वाचायला बसलो. नवव्या पानावर थबकलो. तेथे लिहिले होते की शिक्षकाला वर्षअखेरीस 'फॉर्म १०९९' दिला जाईल, आणि उभय पक्षांतील वाद डेलावेअर राज्याच्या कायद्यानुसार सोडवले जातील. द्वारकेतील सातवीच्या मुलाची गणिताची शिकवणी, आणि तिचा न्यायनिवाडा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर! सल्लागाराने कुठल्यातरी अमेरिकन संकेतस्थळावरून मसुदा उचलून कंपनीचे नाव तेवढे बदलले होते. हसू आले खरे, पण ते फार वेळ टिकले नाही. डेलावेअरचे कलम निरुपद्रवी आहे, ते आपोआप गळून पडेल. सल्लागाराचे ते एक वाक्य मात्र सबंध देशभर खरे मानले जाते, आणि माझा वाद त्या वाक्याशी आहे.

भारतात खासगी शिकवणी हा आता किरकोळ जोडधंदा राहिलेला नाही. २०२५ साली झालेल्या केंद्राच्या शिक्षणविषयक नमुना सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के विद्यार्थी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शहरांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर आहे. मोठ्या क्लासांवर निदान समाजाची आणि शासनाची नजर असते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण त्यांचा रोख पन्नासांहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांवर आहे. घरोघरी जाऊन शिकवणारा शिक्षक आणि त्याला पाठवणारा 'ब्यूरो' हे दोघेही या जाळ्यातून सहज निसटतात. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना हे चित्र अपरिचित नसावे. दिल्ली, इंदूर, बडोदे, बंगळूर, कुठेही जा, आपल्या ओळखीची एखादी मराठी गृहिणी, एखादा निवृत्त प्राध्यापक किंवा स्पर्धा परीक्षांसाठी आलेला एखादा विदर्भातला मुलगा या साखळीत कोठेतरी असतोच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एखाद्याला 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हटल्याने तो स्वतंत्र होतो का?

आपल्या न्यायालयांनी सत्तर वर्षांपासून या प्रश्नाला एकच उत्तर दिले आहे: कागदावरचे नाव पाहू नका, प्रत्यक्षातील नाते पाहा. कायद्यात 'सेवेचा करार' आणि 'सेवेसाठीचा करार' असा भेद करतात. पहिल्यात माणूस दुसऱ्याच्या व्यवसायाचा अंश असतो. दुसऱ्यात तो स्वतःचा व्यवसाय चालवतो आणि ग्राहकाला सेवा विकतो. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या गाजलेल्या खटल्यात सौराष्ट्रातील मिठागरांवर राबणारे अगरिया हे कंत्राटदार की कामगार, हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. अगरियांना कामाचे ठराविक तास नव्हते, मोबदला तयार मिठाच्या वजनावर मिळे, मदतीला स्वतःची माणसे घेण्याचीही मुभा होती. तरीही मालकाचे त्यांच्या कामावर प्रत्येक टप्प्यावर नियंत्रण होते म्हणून ते कामगारच ठरले. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणात नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांच्या बाबतीत न्यायालय याच मार्गाने गेले, आणि केवळ नियंत्रणाच्या कसोटीवर न थांबता मशीन कोणाचे, नापसंत काम परत करण्याचा अधिकार कोणाला, हेही त्याने तपासले. पुढे १९७८ मध्ये हुसेनभाई प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मध्यस्थ कंत्राटदारांचा पडदा बाजूला सारून खरा मालक कोण ते पाहावे, असे बजावले.

या कसोट्या वहिनींच्या मसुद्याला लावून पाहिल्या. शिक्षकाने कोणत्या घरी जायचे ते ब्यूरो ठरवणार. तासाचा दर ब्यूरो ठरवणार. शुल्क ब्यूरोच्या खात्यात जमा होणार आणि पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला शिक्षकाला त्याचा हिस्सा मिळणार. शिक्षकाने ब्यूरोचे ओळखपत्र गळ्यात घालायचे, ब्यूरोच्या अभ्यासपत्रिका वापरायच्या, दर आठवड्याला अहवाल द्यायचा, स्वतःच्या जागी दुसऱ्याला पाठवायचे नाही, आणि ब्यूरोच्या परवानगीशिवाय अन्यत्र शिकवायचेही नाही. एवढे सारे लिहून झाल्यावर अकराव्या कलमात म्हटले होते की उभयतांमध्ये मालक-नोकर हे नाते कोणत्याही अर्थाने निर्माण होत नाही. हत्तीचे पाय, हत्तीची सोंड, हत्तीचे कान सविस्तर वर्णन करून अखेरीस 'हा प्राणी हत्ती नाही' अशी टीप जोडावी, त्यातला हा प्रकार.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट खटकते. फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये मांडले की नफा हे ज्याचे मोजमाप करता येत नाही अशी अनिश्चितता पत्करण्याचे मोल आहे. नोकराला ठराविक वेतन मिळते कारण अनिश्चितता मालक पत्करतो, आणि म्हणून उरलेला नफाही मालकाचा. हा सौदा न्याय्य आहे. पण या मसुद्यात विद्यार्थी सुटला तर तोटा शिक्षकाचा, पालकाने शुल्क बुडवले तर तोटा शिक्षकाचा, आजारी पडला तर तोटा शिक्षकाचा. मात्र मागणी वाढली आणि दर वाढवला तर वाढीव पैसा ब्यूरोचा. जोखीम एकाकडे आणि नफा दुसऱ्याकडे अशी ही फाळणी आहे. बाजारपेठेचे समर्थन करणाऱ्यांनीच, आणि मी त्यांपैकी एक आहे, तिला सर्वांत आधी विरोध करायला हवा.

मला या विषयात रस का, हेही सांगून टाकतो. १९९२-९३ मध्ये पुण्यात एम.ए. करताना मी एका क्लासच्या वतीने पेठांतील वाड्यांमध्ये सायकलवरून शिकवायला जात असे. मार्चमध्ये परीक्षा संपल्या आणि क्लासच्या संचालकांनी शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे दिलेच नाहीत. मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तू आमचा नोकर थोडाच आहेस? पालकांकडून घे." पालकांकडे गेलो तर त्यांनी क्लासची पावती दाखवली. रक्कम फार मोठी नव्हती. खानावळीचे दोन महिने मात्र उधारीवर काढावे लागले.

असो. तीस वर्षांनंतरची गोष्ट याहून गंभीर आहे. वहिनींकडे कामासाठी आलेल्यांत मुखर्जीनगरला राहून केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करणारी एक मुलगी आहे. मूळ यवतमाळ जिल्ह्यातली. आधी ती एका ब्यूरोमार्फत शिकवत होती. एका घरी विद्यार्थ्याची आई कामावर असताना त्याचा काका शिकवणीच्या खोलीत येऊन बसू लागला, नंतर बोलू लागला, आणि एके दिवशी त्याने दार लोटून घेतले. मुलगी धीराची, ती बाहेर पडली. तिने ब्यूरोला कळवले. उत्तर आले की आपण स्वतंत्र कंत्राटदार आहात, विद्यार्थ्याच्या कुटुंबाशी असलेले आपले व्यवहार हा आपला खासगी प्रश्न आहे. आणि करार मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल मागील दोन महिन्यांचा हिस्सा जप्त करण्यात येत आहे.

ब्यूरोच्या चालकाने कायदा वाचला नव्हता, किंवा वाचूनही समोरची मुलगी तो वाचणार नाही याची त्याला खात्री होती. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा पीडित स्त्रीची व्याख्या करतानाच 'नोकरीत असो वा नसो' असे म्हणतो. 'कर्मचारी' या शब्दात तो तात्पुरत्या, रोजंदारीवरच्या आणि कंत्राटदारामार्फत आलेल्या व्यक्तींनाही घेतो. 'कामाचे ठिकाण' म्हणजे काय, तर कामाच्या ओघात ज्या जागी जावे लागते ती प्रत्येक जागा. आणि त्या व्याख्येत राहते घरही स्पष्टपणे नमूद आहे. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या इतर व्यक्तींपासूनही सुरक्षितता पुरवणे हे मालकाचे कर्तव्य कलम १९ मध्ये सांगितले आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, आणि सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने वाढवता येते. म्हणजे ज्या जबाबदारीतून सुटण्यासाठी 'स्वतंत्र' हा शब्द वापरला, ती जबाबदारी त्या शब्दाला जुमानतच नाही.

हेच दुसऱ्या बाजूने मुलांच्या बाबतीत. ब्यूरोच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत 'पडताळणी केलेले शिक्षक' असते, आणि करारात बारीक अक्षरांत 'शिक्षकाच्या वर्तणुकीची कोणतीही हमी ब्यूरो देत नाही' असे असते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा असे दुटप्पीपण खपवून घेत नाही. अपराधाची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीबाबतचा अपराध दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वहिनींना मी हे कलम दोनदा वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता कराकडे वळू, कारण शब्दांचे खरे रूप तेथे उघडे पडते. समजा, वहिनींकडे १५ शिक्षक आहेत, प्रत्येकाकडे ४ विद्यार्थी आणि दर विद्यार्थ्यामागे महिन्याला ४,००० रुपये शुल्क. वर्षाचे एकूण शुल्क झाले २८ लाख ८० हजार. वहिनींचा वाटा २० टक्के धरला तर तो ५ लाख ७६ हजार. वस्तू व सेवा करासाठी सेवांची सर्वसाधारण मर्यादा २० लाखांची आहे, आणि शाळांना मिळणारी सूट खासगी शिकवणीला नाही. तिच्यावर १८ टक्के कर लागतो. शिक्षक खरोखर स्वतंत्र असतील, स्वतःच्या नावाने पावती देत असतील आणि वहिनी केवळ गाठ घालून देत असतील, तर वहिनींची उलाढाल पावणेसहा लाखांची आहे आणि त्या नोंदणीच्या मर्यादेच्या बऱ्याच आत आहेत. पण शुल्क वहिनींच्या संस्थेच्या नावे घेतले, पावती संस्थेची आणि सेवा देणारीही संस्थाच, तर उलाढाल पूर्ण पावणेएकोणतीस लाखांची धरली जाईल.

ब्यूरो काय करतात? पालकांच्या दारात 'आमचे शिक्षक' म्हणून सांगतात, कारण त्यावर दर मिळतो. भविष्यनिर्वाह निधीच्या दारात 'हे आमचे कुणी नव्हेत' म्हणतात, कारण वीस माणसांची संख्या भरली की कायदा लागू होतो. राज्य विमा योजनेसाठी तर दहाच पुरतात. वस्तू व सेवा कराच्या दारात 'आम्ही फक्त मध्यस्थ' असे सांगतात. आणि कंपनी म्हणून नोंदलेला ब्यूरो आयकराच्या दारात शिक्षकाला व्यावसायिक ठरवून त्याच्या पैशांतून दहा टक्के कापून ठेवतो. वर दिलेल्या उदाहरणातील शिक्षकाच्या हाती महिन्याला १२,८०० रुपये येतात. त्याचे उत्पन्न करपात्र नाहीच, पण वर्षाला १५,३६० रुपये कापले जातात, आणि ते परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते हे निम्म्याजणांना माहीत नसते. कापलेली रक्कम सरकारजमा झाली की नाही, हेही कोणी तपासत नाही. एकच माणूस, चार दारे, चार नावे. प्रशासनात इतकी वर्षे काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की या चार खात्यांनी आपापल्या नोंदी एकमेकांसमोर ठेवल्या तर या क्षेत्रातला निम्मा खोटेपणा एका आर्थिक वर्षात संपेल. त्या ठेवल्या जात नाहीत, याचा दोष मात्र ब्यूरोंचा नाही.

मसुद्यातील आणखी एक कलम असे होते: करार संपल्यावर तीन वर्षे शिक्षकाने दहा किलोमीटरच्या परिघात कोणालाही शिकवू नये, अन्यथा दोन लाख रुपये दंड. हे वाचून नवशिक्या शिक्षकाची पाचावर धारण बसते. वास्तविक भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे उपजीविकेला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. करार चालू असताना अन्यत्र काम न करण्याची अट घालता येते. कल्याणच्या कारखान्यातील गोलिकरी यांच्या १९६७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. पण करार संपल्यानंतरची बंदी टिकत नाही, हे १९८० च्या क्रिशन मुरगई प्रकरणापासून पुन्हा पुन्हा सांगितले गेले आहे. दंडाच्या रकमेचेही तसेच. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. मिळते ती वाजवी भरपाई, आणि त्यासाठी नुकसान झालेले असावे लागते. मग अशी कलमे का लिहितात? न्यायालयात टिकण्यासाठी ती नसतातच. न्यायालयापर्यंत कधीही न जाणाऱ्या माणसाला घाबरवण्यासाठी ती असतात. अशा कलमांना मी करार म्हणत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग शिक्षकाने कामगार न्यायालयात जावे. जावे, पण तेथे एक विचित्र भिंत आहे आणि तिचा पाया गोव्यात आहे. गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेला कामावरून कमी केले गेले. सुंदरंबल विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९८८ मध्ये निकाल लागला की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे, कारण शिकवणे हे अंगमेहनतीचे, तांत्रिक, कारकुनी किंवा पर्यवेक्षणाचे काम नसून ते एक उदात्त व्रत आहे. त्याच शाळेतील शिपाई आणि कारकून मात्र कामगार! २००४ मध्ये याच धाटणीच्या तर्काने शिक्षकांना उपदानाच्या कायद्याबाहेर ठेवले गेले. संसदेला २००९ मध्ये दुरुस्ती करून ती १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावी लागली, आणि ती दुरुस्ती २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. गुरूला देवासमान मानणाऱ्या समाजात गुरूचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली की त्याचे देवत्व हटकून आठवते. देवाला पगार लागत नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग' कामगाराला प्रथमच व्याख्या मिळाली, आणि त्यांच्या निधीसाठी मध्यस्थ मंचांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी द्यावी अशी तरतूद झाली; कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा. तिच्या सातव्या अनुसूचीत प्रवासी वाहतूक, खाद्यपदार्थ पोचवणे, मालवाहतूक, आरोग्य, पर्यटन इत्यादी सेवांची यादी आहे. शिकवणीचे नाव स्वतंत्रपणे तेथे नाही. 'व्यावसायिक सेवा' किंवा 'इतर सेवा' या सदरांत ती बसवता येईल, पण बसवायची की नाही यावर वाद घालायला ब्यूरोंना भरपूर जागा आहे. जेवणाचा डबा पोचवणारा मुलगा कायद्याला दिसतो. बीजगणित पोचवणारी मुलगी दिसत नाही. अपघाताचेही असेच. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये कामावर जाताना वाटेत अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळावी, घर ते कामाचे ठिकाण हा प्रवासही योग्य परिस्थितीत कामाचाच भाग मानावा, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैमध्ये दिला. बावीस वर्षे लागली, पण मिळाला. दिल्लीच्या रस्त्यांवर रोज चार घरांमध्ये स्कूटीवरून फिरणाऱ्या शिक्षिकेला मात्र आधी आपण 'कर्मचारी' आहोत हे सिद्ध करावे लागेल.

खासगी ब्यूरोंना मी एवढे बोललो, तर वाचक विचारतील की सरकारचे काय. प्रश्न रास्त आहे. आचरण नियमांतील नववा नियम सरकारी धोरणावर टीका करू देत नाही, म्हणून मी केवळ न्यायालयाचे निकाल नोंदवतो. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाईचे व तत्सम काम करणाऱ्यांना तात्पुरते म्हणत राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये शासनयंत्रणेची कानउघाडणी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना महिना ३०,००० रुपयांवर राबवले जात असल्याचे पाहून त्याच न्यायालयाने म्हटले की शिक्षकांना असे वागवायचे असेल तर समारंभांत गुरुवंदनेचे श्लोक म्हणण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात २००० साली 'शिक्षणसेवक' हा शब्द घडवण्यात आला. शब्द गोड आहे. आपल्याकडे वेतन कमी करायचे असले की आधी नाव गोड करतात.

वहिनींना हे सारे ऐकवल्यावर त्या वैतागून म्हणाल्या, "म्हणजे भावजी, मी हे करूच नये का?"

करावे, अवश्य करावे. पण दोन प्रामाणिक मार्ग आहेत आणि त्यांतला एक निवडावा लागतो. एक तर शिक्षकांना नोकरीवर ठेवावे, वेतन द्यावे, दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी करावी, संख्या वाढली की भविष्यनिर्वाह निधी भरावा. मग दर, वेळ, पद्धत सारे आपण ठरवावे. किंवा त्यांना खरोखर स्वतंत्र ठेवावे. मग दर शिक्षक ठरवील, पावती तो देईल, शिकवण्याची पद्धत त्याची, अन्यत्र शिकवण्याची मोकळीक त्याला, आणि आपण फक्त ओळख करून दिल्याचा मोबदला घ्यायचा. असा खरा स्वतंत्र शिक्षक 'उद्यम' पोर्टलवर विनाशुल्क नोंदणी करू शकतो, आणि मग २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे त्याचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ज्या ब्यूरोंना शिक्षकांच्या स्वातंत्र्याचा एवढा पुळका आहे, त्यांनी ही तरतूद आपल्या करारात छापून दाखवावी. मी तरी अद्याप असा एकही करार पाहिलेला नाही.

वहिनींनी दुसरा मार्ग निवडला. चौदा पानांचा मसुदा चार पानांवर आला. पालकांनी थेट शिक्षकाला पैसे द्यावेत, वहिनींना शिक्षकाकडून पहिल्या महिन्याच्या शुल्काचा अर्धा भाग एकदाच. तीन वर्षांची बंदी काढली. शिकवणीच्या वेळी घरात एक प्रौढ व्यक्ती हजर असावी आणि खोलीचे दार उघडे असावे, ही अट पालकांच्या अर्जातच आली. शिक्षिकेने तक्रार केल्यास त्या घरची शिकवणी तत्काळ थांबेल आणि वहिनी तिच्याबरोबर समितीपुढे जातील, हेही लिहिले. कोणी शाळेत नोकरीला असेल तर त्याला घेऊ नये, असे मी सुचवले, कारण शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ ने शालेय शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई केली आहे. यावर वहिनी थोड्या नाराज झाल्या. त्यांच्या यादीतील दोन उत्तम गणित शिक्षक त्यामुळे गळाले.

एका मुद्द्यावर आमचे अजून जमलेले नाही. अपघात विम्याचा हप्ता वहिनींनी भरावा असे मी म्हणतो. त्या म्हणतात, "भावजी, स्वतंत्र म्हणायचं तर मग विमा मी का भरू?" तर्काने त्यांचे बरोबर आहे. पण त्या शिक्षकांना द्वारकेच्या वाहतुकीत आपण पाठवतो आहोत, हे त्यांनाही ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी विमा कंपनीकडून दर मागवल्याचे कळले.

यवतमाळच्या मुलीने जुन्या ब्यूरोला बुडवलेल्या दोन महिन्यांसाठी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. दावा करायला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे वेळ आहे. स्थानिक समितीकडचा अर्ज तिने मुदतीत, तिसरा महिना संपायला चार दिवस असताना दाखल केला. जिल्हाधिकारी कार्यालयातील लिपिकाने तो प्रथम घेतला नाही. 'आप तो वहाँ एम्प्लॉई नहीं थीं' असे तो म्हणाला. तिने व्याख्येचे कलम छापून नेले होते. पोच मिळाली.

पूर्वपरीक्षा तिची मेमध्ये आहे.